खोलीत धूर नव्हता

आई, मला मावशीची किळस आलीये. राग नाही. राग मला येतो आणि जातो, तुला माहितीये. ही किळस आहे, घशाशी बसलेली, दात घासले तरी न जाणारी, आणि ती कोणाला सांगायची म्हटलं तर तूच उरतेस. ताईला सांगू शकत नाही, ती अजून मावशीने पाठवलेले डिंकाचे लाडू खाते. पप्पांना सांगितलं तर ते टीव्हीचा आवाज कमी करून म्हणतील, जाऊ दे ना बेटा, मोठी आहे ती. तू गेल्यापासून पप्पांकडे सगळ्यावर तेवढं एकच औषध आहे. म्हणून तुला लिहितेय. शाळेत मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा, आणि ती शाळा तूच निवडली होतीस, त्यामुळे मी जशी बोलते तशीच लिहिणार, तुला चालवून घ्यावं लागेल.

बातमी अशी की ताईला मुलगा झाला. तू आजी झालीस. डिलिव्हरी नाशिकलाच झाली, नॉर्मल. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि आपलं माहेर म्हणजे सिडकोतलं तेच घर, त्यात पप्पा, मी आणि शिट्टी अडकणारा कुकर. बाळंतिणीचं करायला घरात बाई नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिओथेरपीला, पण मी बाई नाही, मी पोरगी आहे. मग मावशी म्हणाली, माझ्या बहिणीची लेक आहे, मी नाही करणार तर कोण करणार, आणि ताईला बाळासकट इगतपुरीला घेऊन गेली. माझी परीक्षा संपली तशी मीही गेले, मदतीला. मदत म्हणजे लसूण सोलणं आणि लंगोट धुणं.

पहिल्या दिवशी ताईच्या खोलीचं दार उघडलं आणि मी तशीच मागे सरकले. इगतपुरीचा पाऊस तुला मी काय सांगणार, तू तिथेच वाढलीस. समोरचं घर दिसत नव्हतं, भिंतीला हात लावला तर हात ओला होत होता, आणि दोरीवरचे कपडे आठवडाभर तसेच. त्यामुळे सगळं त्या एका खोलीत. मध्ये ताईची बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत लोणारी कोळशाचे निखारे. कोपऱ्यात अजून एक शेगडी, तिच्यावर उपडं घातलेलं बांबूचं डालगं आणि डालग्यावर बाळाची दुपटी वाळत घातलेली. खिडक्या बंद. दाराखालच्या फटीत गोधडी कोंबलेली, वारा येऊ नये म्हणून. ताईचे कान स्कार्फने बांधलेले, बाळ टोपड्यासकट गुंडाळलेलं. आणि वास. ओवा, धूप, खोबरेल, ताईच्या गाऊनवर सांडून आंबट झालेलं दूध, अर्धवट वाळलेल्या लंगोटांची गरम वाफ, सगळं एकत्र शिजल्यासारखं. बाजेपाशी वाटीत अळिवाची खीर, त्या फुगलेल्या बिया बेडकाच्या अंड्यांसारख्या तरंगतायत, आणि ताई ती चमच्याने खातेय. मी ओढणी नाकाला लावली. मावशी म्हणाली, "आली बघा मेमसाहेब. ह्याच वासात मोठी झालीयेस तू."

एक सांगते, मावशी गलथान नाहीये. गलथान असती तर बरं झालं असतं. ती कोळसा मागच्या पत्र्याखाली पेटवायची, सूप घेऊन वारा घालत बसायची, धूर पूर्ण जाईपर्यंत, निखारे लालबुंद होऊन वर राखेची साय येईपर्यंत. मगच शेगडी आत आणायची. शेजारच्या बाईला अभिमानाने सांगायची की माझ्याकडच्या बाळंतिणीच्या डोळ्याला कधी पाणी येत नाही, मी धुराचा कोळसा खोलीत नेतच नाही. ओव्याची धुरी पण चिमूटभरच, बाळाच्या नाकापासून लांब. खोलीत धूर नव्हता आई. धूर असता तर कोणीतरी खोकलं असतं, कोणीतरी खिडकी उघडली असती.

ताईचं डोकं दुखायचं. रोज. मावशी म्हणायची, अशक्तपणा आहे, अंगावर पाजतेय ना. मावशीचं स्वतःचंही दुखायचं, ती दिवसभर ताईजवळच बसायची, मग डोक्याला फडकं घट्ट बांधायची आणि पित्त झालंय म्हणायची. मला गंमत वाटायची की ताई आंघोळीला बाहेर आली, जरा स्वयंपाकघरात टेकली, चहा घेतला, की तिचा चेहरा बदलायचा, माझ्याशी बडबड करायची, आणि परत बाजेवर गेली की पुन्हा तशीच, डोळे अर्धे मिटलेले, हो ला हो. मावशीचं म्हणणं, चहाने बरं वाटतं. बाळ तर नुसतं झोपायचं. रात्रीचं जागरण नाही, रडारड नाही. बघायला बायका यायच्या, हातात झबलं, पायात चिखल, आणि सगळ्यांचं एकच. काय झोपतो गं शहाण्यासारखा. शेक मानवला. आणि रंग तर बघा, कसा खुललाय, जन्मला तेव्हा बापासारखा सावळा होता ना. गाल खरंच गुलाबी होते. एक बाई मला म्हणाली, तुझ्या वेळी कमी शेकलं वाटतं तुझ्या आईने. सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि मला त्या गालांना बोट लावून लावून बघणाऱ्या बायकांचा इतका तिटकारा आला की मी बाथरूममध्ये जाऊन हात धुतले, हात तर माझे स्वच्छच होते.

तुझ्या लॅबची आठवण मला त्याच बाथरूममध्ये आली. नाशिकला शालिमारपाशी, खाली मेडिकल, वर अरुंद जिना, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या आणि वर पोचलं की एकदम फिनाईल. शाळा सुटली की रिक्षावाले काका मला तिथे सोडायचे, आणि मी उंच स्टुलावर बसून होमवर्क करायचे, पाय लोंबकळत. एक बाई आलीये, हरसूलकडची, घोट्यापर्यंत चिखल. तू तिच्या दंडाला रबर बांधून शीर शोधतेयस, सापडत नाहीये, मग सापडते, आणि नळीत जे येतं ते रक्तासारखं दिसतच नाही, पाणी जास्त झालेल्या सरबतासारखं दिसतं. मी मोठ्याने छी म्हणते. ती बाई माझ्याकडे बघते आणि पदराने हात झाकून घेते. ती जिना उतरेपर्यंत तू नळीवर चिठ्ठी चिकटवतेस. मग ओरडत पण नाहीस, नुसती म्हणतेस, "घाण वाटली तर वाटू दे. पण माणसाकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही. कशाची घाण वाटली, ते आधी नीट बघायचं." आणि मला बोलावून नळी हातात देतेस.

तेव्हा तू मला जीप सांगितलीस. सुरगाण्याला जाते तशी, आत माणसं कोंबलेली, मागे लटकलेली, ती नाही, ही शहाणी जीप, हिच्यात चारच सीट. तिचं नाव हिमोग्लोबिन. लाल पेशी म्हणजे अशा जीपांनी भरलेला अख्खा ताफा. फुफ्फुस म्हणजे स्टँड, तिथे ऑक्सिजन पिशव्या घेऊन उभा. पहिला पॅसेंजर चढायला कुरकुर करतो, पण तो एकदा बसला की बाकीचे पटापट चढतात. मग जीप निघते, हृदय तिला ढकलतं, आणि जिथे कोणी दमलंय, पाय, हात, पोट, डोकं, तिथे जाऊन थांबते. तिथेही तसंच, एक उतरला की दुसऱ्यालाही उतरावंसं वाटतं. तू म्हणालीस, त्या बाईच्या अंगात जीपच कमी आहेत, स्टँडवर गर्दी असून काय उपयोग, म्हणून तिला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. मग एक दुसरी नळी उलटीसुलटी हलवून दाखवलीस. शिरेतलं रक्त काळपट असतं, कारण बरेच पॅसेंजर उतरलेले असतात, आणि हवा लागली की वरचा थर लाल होतो, कारण जीप परत भरली. मी ती नळी किती वेळ हलवत बसले होते, शेवटी तू हिसकावून घेतलीस.

कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर ती एस आकाराची रेघ काढली, ऑक्सिजन कसा चढतो आणि कसा उतरतो त्याची, आधी हळू, मग एकदम वर, मग सपाट. अख्खा वर्ग जांभया देत होता. मी बेंचवरच म्हणाले, अरे ही तर जीप आहे. सगळे हसले, पण मी त्या दिवसापासून वेडी झाले आई, खरंच. लोकांना क्रिकेटचं असतं तसं मला त्या एका चॅप्टरचं आहे. गरम झालेल्या स्नायूपाशी जीप जास्त पटकन रिकामी होते, हे वाचलं तेव्हा मी पप्पांना जेवता जेवता सांगितलं, ते म्हणाले, भाजी संपव.

तर त्याच चॅप्टरच्या शेवटी अर्धं पान आहे, कार्बन मोनॉक्साईडवर. कोळसा बंद जागेत जळला आणि त्याला हवा पुरली नाही की तो तयार होतो. रंग नाही, वास नाही, धूर तर नाहीच. तो स्टँडवर सगळ्यांच्या आधी घुसतो, कारण हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पट जास्त आवडतो. सीटवर बसतो आणि उतरत नाही. इतकंच नाही, बाजूला जे ऑक्सिजन बसलेत त्यांनाही तो नीट उतरू देत नाही. म्हणजे जीप भरलेली आहे, रस्त्याने फिरतेय, गावात थांबते, आणि कोणी उतरतच नाही. रक्त छान लाल. मेंदू उपाशी. पुस्तकात असंही लिहिलंय की रंग दरवेळी बदललेला दिसेलच असं नाही, आणि बाळाचे गाल कदाचित नुसत्या शेकाने लाल झाले असतील. पण मी त्या बाथरूममध्ये नळ चालू ठेवून उभी होते आणि माझ्या डोक्यात त्या बायका, रंग कसा खुललाय, रंग कसा खुललाय, आणि मी बेसिनमध्ये सकाळचं सगळं उलटून टाकलं.

बाहेर येऊन मी सांगितलं. नीट सांगितलं, शांतपणे, शपथ. शेगडी बाहेर ठेवू, शेक गरम पाण्याच्या पिशवीने देऊ, दुपटी मी इस्त्रीने वाळवते. मावशी ऐकत होती, हात कणकेत. मग ती हात धुऊन उठली आणि फ्रीजवरून ऑक्सिमीटर घेऊन आली, कोरोनात घेतलेलं. तिनेच ते ताईच्या बोटाला लावलं. नव्व्याण्णव. तिने हसून ते मला दाखवलं, मग दाराशी उभ्या असलेल्या शेजारणीला दाखवलं. मी म्हणाले, मावशी हे यंत्र फसतं यात, हे बोटातून उजेड टाकून फक्त बघतं की जीप भरलेली लाल आहे का, आत कोण बसलंय ते त्याला दिसत नाही. जीप म्हटल्यावर शेजारणीने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात पुण्याहून भावजींचा व्हिडिओ कॉल आला, त्यांना मावशीने आकडा सांगितला, आणि ते ऑफिसच्या कँटीनमधून म्हणाले की नव्व्याण्णव म्हणजे टॉपच आहे ना, उगाच कशाला पॅनिक करतेस, मोठ्यांना कळतं. त्यांच्या दातात कोथिंबीर अडकली होती. मला स्वतःच्या बायकोचं डोकं रोज का दुखतं हे न विचारणाऱ्या त्या तोंडाची शिसारी आली, अजून आहे.

मी खिडकी उघडली. मावशीने लावली. मी परत उघडली. तेव्हा ताई म्हणाली, राहू दे ना, मला झोपायचंय, आणि भिंतीकडे वळली. ताईचंच पाठबळ नाही म्हटल्यावर मावशीला चेव आला. तू काय डॉक्टर आहेस का, म्हणाली, व्यायाम शिकवणारी होणार ना तू, म्हणजे मालिशच ती, ती आमची रोजची बाई पण करते, इंग्लिश न बोलता. शेजारीण हसली. मला पण हसू आलं असतं दुसऱ्या वेळी. पण मग मावशीने तुझं काढलं.

"तुझी आई ह्याच खोलीत, ह्याच शेगडीवर सव्वा महिना निजली होती, तुझ्या वेळी. लॅबमध्ये नोकरी करणारी बाई ती, रोज रक्त बघायची. तिला नाय कळलं आणि तुला कळलं?"

मला हे माहीतच नव्हतं आई. मला वाटलं होतं तू असल्या गोष्टी केल्या नसशील. मी डोळ्यांसमोर तुला त्या बाजेवर आणून बघितलं, कान बांधलेली, अर्धे डोळे मिटलेली, आणि शेजारी मी, गुलाबी. खरं सांगू, त्या क्षणी मला तुझीही थोडी किळस वाटली. मी लसूण सोलायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिश झाली, बाळाची आंघोळ झाली, धुरी झाली, आणि मावशीने ताजे निखारे बाजेखाली सरकवून दार ओढून घेतलं. पाऊस भयंकर होता. मी स्वयंपाकघरात होते, मावशी ओट्याशी खसखस वाटत होती. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, फार मोठा नाही, गाठोडं पडावं तसा. दार लगेच उघडेना, खाली कोंबलेली गोधडी अडकली होती. मी खांद्याने ढकललं. ताई जमिनीवर बसली होती, पाठ बाजेला, गाऊनवर उलटी, आणि माझ्याकडे बघून हळूहळू म्हणाली, "पायात जीवच नाही गं." जशी काही दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगतेय. बाळ बाजेवर झोपलेलं. मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. तुझ्या लॅबमध्ये बाळांना जागं करायला तू मारायचीस तशी. ते रडलं नाही. दुसऱ्यांदा मारली, जोरात. ओठ जरासे हलले, बस. हात उचलला तर हात तसाच खाली पडला.

मी त्याला उचललं आणि बाहेर पळाले, थेट दारापुढच्या ओट्यावर, पत्र्याच्या पागोळ्यांच्या मागे, जिथे वारा तोंडावर येतो. मावशी मागून आली, वारा लागेल, वारा लागेल, एवढंच म्हणत, आणि त्याला माझ्याकडून घ्यायला लागली. तिचे हात खसखशीने चिकट. मी तिला कोपराने ढकललं आई. ती दाराच्या चौकटीवर आपटली. शेजारचे काका आवाज ऐकून आले, त्यांनी आणि शेजारणीने मिळून ताईला उचलून बाहेर आणलं, आणि काकांनी विचारत न बसता गाडी काढली. मावशी आमच्या मागे गाडीत चढली, पायात चप्पल नव्हती.

नाशिकपर्यंत गाडीत काचेवरून भांडण. मी काच खाली करायची, मावशी तिच्या बाजूची वर करायची, आणि पावसाचं पाणी आत येऊन सीट ओली, ताई ओली, सगळे ओले. मावशी बाळाच्या कानांवर दोन्ही तळवे दाबून बसलेली. शेवटी काकांनी पुढून बटण दाबून चारही काचा खाली केल्या आणि लॉक केल्या. म्हणाले, "वहिनी, पोरगी सांगतेय ना, बसा आता." मावशी बटण दाबत राहिली, काच काही वर येईना. घोटीच्या पुढे कुठेतरी बाळाने अंग ताणलं, माझ्या कुर्त्यावर आंबट दूध ओकलं, आणि मग रडायला लागलं. चिरक्या, घाणेरड्या, भांडल्यासारख्या आवाजात. ताईने डोळे उघडून विचारलं, हा माझा का. तिने त्याचा असा आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण बाई तरुण होती, मी बोलायला लागल्यावर तिने मला मध्ये थांबवलं नाही. शेगडी हा शब्द आल्याबरोबर तिने नर्सला हात केला आणि दोघांना ऑक्सिजन लावला, ताईला मास्क, बाळाला काचेच्या डब्यासारखं काहीतरी डोक्यावर. उपाय तेवढाच असतो. स्टँडवर ऑक्सिजनची इतकी गर्दी करायची की तो बसलेला दादा धक्काबुक्कीत कधीतरी उतरेल. ताईचं रक्त घेतलं, हाताच्या शिरेतून. आई, ते काळपट नव्हतं. शिरेतलं रक्त इतकं सुंदर लाल मी कधी बघितलं नव्हतं, एखाद्या जाहिरातीत असतं तसं. मी नीट बघितलं, तू सांगितलं होतंस म्हणून, आणि मला कळलं की मला नक्की कशाची घाण वाटतेय. त्या रंगाची. सगळ्यांनी कौतुक केलेल्या त्या रंगाची. रिपोर्टमध्ये तो वायू निघालाच, वाटेत एवढी हवा लागूनसुद्धा. डॉक्टरीण बाई म्हणाली, वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत ताईचं डोकं दुखायचं थांबलं, ती भूक लागली म्हणाली. बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं, मग सोडलं. आता ते सिडकोत आहे, पाठीवर झोपून पंख्याकडे बघतं, रंग भावजींसारखा सावळा, आणि रात्रभर भोकाड पसरतं. पप्पा कानात कापूस घालून झोपतात.

तुझं कोडं मला मावशीनेच सोडवून दिलं, तिच्या नकळत. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ती स्वतःशीच बोलत होती, बायका गाऱ्हाणं सांगतात तसं. म्हणाली, पूर्वी कौलं होती तेव्हा किती वारं यायचं, कौलांच्या फटीतून पाऊस गळायचा, भिंत वर छपराला टेकलेलीसुद्धा नव्हती, बाळंतिणीला ऊब म्हणून टिकायची नाही. तुझ्या आईला किती गारठा लागला. म्हणून तर स्लॅब टाकला, म्हणून तर रबर लावलेल्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या, पुढच्या बाळंतिणीला गार लागू नये. मी उठून पाणी प्यायले. म्हणजे शेगडी तीच, बाज तीच, फक्त खोली बदलली. तुझ्या वेळी तो वायू तुझ्या डोक्यावरून कौलांतून निघून जात होता, आणि तू नुसती गारठत होतीस. तुला माहीत होतं की नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही. पण तुझी किळस गेली. मावशीची नाही गेली. तिने सगळं माया करून केलं, हे मला समजतं, पुस्तकात वाचल्यासारखं समजतं. पण ती नव्व्याण्णव दाखवताना हसली होती, आणि ते हसू मला जेवताना आठवतं.

हे फोनच्या नोट्समध्ये टाइप केलंय. कुठे पाठवणार? तुझा जुना नंबर दुसऱ्या कोणालातरी मिळालाय, मी एकदा लावून बघितला होता, एका काकांनी उचलला. ताईच्या हातात फोन असतो अधूनमधून, त्यामुळे वाचून झालं की लॉक लावेन.

एक राहिलं. त्याच बाकावर, नर्स बाळाला बघून गेल्यावर, मावशीने मला विचारलं होतं. अगदी हळू, माझ्याकडे न बघता, अनवाणी पाय एकमेकांवर ठेवून. "माझ्या हातून गेला असता का गं तो?"

खरं उत्तर मला माहीत होतं. एवढ्याशा बाळाचं हिमोग्लोबिन तो वायू आणखी घट्ट धरतं, त्यात बाळ मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतं, अजून थोडा वेळ त्या खोलीत राहिलं असतं तर ते उठलं नसतं. हा माझा चॅप्टर आहे, मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतो. मी म्हणाले, नाही मावशी, बाळं चिवट असतात. तिने डोळे पुसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं मी मोठ्या मनाने बोलले, हॉस्पिटलला धावत आलेल्या पप्पांनी तर मला जवळ घेतलं. तसं नव्हतं आई. खरं सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मला तिला कुशीत घ्यावं लागलं असतं, आणि मला तिच्या अंगाला हात लावायचा नव्हता.